काशिमीरा-घोडबंदर-नायगाव : शूटिंग इथे होतंच आहे, महापालिकांनी त्याला रीतसर बोलवावं का?

काशिमीराकर

काशिमीऱ्याहून घोडबंदर रस्त्याला लागलं की वरसावे, काजूपाडा, चेणे या पट्ट्यात आत वळणाऱ्या रस्त्यांच्या तोंडाशी झाडाला बांधलेल्या पाट्या दिसतात. पाटीवर मालिकेच्या नावाची दोन-तीन अक्षरं आणि एक बाण. बाणाच्या टोकाला पत्र्याची शेड, आणि शेडच्या आत कुणाचा तरी चौसोपी वाडा, कुणाचं देवघर, कुणाचं पोलीस स्टेशन. खाडीपूल ओलांडून नायगाव पूर्वेला, जूचंद्रच्या बाजूला गेलात तरी तेच दृश्य.

ही शूटिंगवाली मंडळी इथवर आली त्याला कारण आहे. १९३४ साली बॉम्बे टॉकीज मालाडला उभी राहिली तेव्हा मालाड गावच होतं. १९४३ मध्ये गोरेगावला फिल्मिस्तान, १९४८ मध्ये चेंबूरला आर. के. प्रत्येक वेळी स्वस्त, मोकळी, पण लोकलने गाठता येईल अशी जागा बघितली गेली. १९७७ मध्ये सरकारने गोरेगावला चित्रनगरी काढली. मग मागून शहर आलं आणि जमिनीचा भाव स्टुडिओला परवडेना. आर. के.चा मोठा फ्लोअर सप्टेंबर २०१७ मध्ये जळाला आणि दोन वर्षांत ती जागा बिल्डरकडे गेली. फिल्मिस्तानही २०२५ मध्ये १८३ कोटींना बिल्डरने घेतलं. चित्रनगरीत सगळ्यांना जागा पुरत नाही. म्हणून मालिका दहिसर चेकनाका ओलांडून आमच्याकडे आल्या.

आता माझा मुद्दा. मीरा-भाईंदर, वसई-विरार आणि ठाणे, या तीन महापालिकांच्या हद्दीत हा धंदा वाढला, पण तो आपला आहे असं यातल्या एकीनेही मनापासून म्हटलेलं मला दिसत नाही. परवानगी मागायला आलं की देतात, तक्रार आली की माणूस पाठवतात, एवढंच. माझ्या मते या पट्ट्याने ठरवून म्हणावं, की हो, आम्ही शूटिंगचं शहर आहोत. वेगळा कक्ष काढावा, दर लावून ठेवावेत, नियम लेखी करावेत. इथे सुतार आहेत, शिंपी आहेत, डबे करणाऱ्या बायका आहेत, टेम्पोवाले आहेत. मीरा रोडच्या सोसायट्यांमधून किती तरी तंत्रज्ञ आणि नट भाड्याने राहतात. हे सगळं उद्या आणखी पुढे सरकलं तर इथे मागे उरतील फक्त टॉवर.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा. विरोध असेल तर तोही मोकळेपणाने लिहा, कारण मला नगरसेवकांकडे निवेदन घेऊन जायचं आहे आणि त्यात दुसरी बाजूही असायला हवी.

नीलिमा_ठाणे

दुसरी बाजू मी मांडते. आमच्या सोसायटीला लागून एक बंगला आहे, तो शूटिंगला देतात. दिवसाचं काही नाही, मुलं कुंपणावरून बघतात, मजा येते. रात्री मात्र जनरेटर व्हॅन बरोबर आमच्या खिडकीखाली लागते. धूर, घरघर, आणि पावसाचा सीन असला की टँकर. वर मोठे दिवे क्रेनवर चढवून आमच्याच गच्चीच्या दिशेने सोडलेले. माझ्या सासूबाई ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांना रात्रभर डोळा लागत नाही. वॉचमनला विचारलं तर म्हणतो परवानगी आहे. कुणाची, किती वाजेपर्यंत, काही सांगता येत नाही. कागद कधी कुणी दाखवलेला नाही.

माझा शूटिंगला विरोध नाही. पण "स्वागत" करणार असाल तर शेजाऱ्याला आधी कळवायचं, ही अट सगळ्यात वर घाला.

रात्रपाळी

नीलिमाताई, तुमचा त्रास खरा आहे. मी लाइटच्या खात्यात आहे, त्या व्हॅनपासून केबल ओढणाऱ्यांपैकी एक. रात्र का होते ते सांगतो, म्हणजे नियम कुठे लावायचा ते कळेल.

डेली सोप म्हणजे आठवड्याला सहा, कधी सात भाग. चॅनेलकडे आठ-दहा भागांची बँक, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेले भाग, असेल तर युनिट शांतपणे काम करतं, नऊच्या शिफ्टला रात्री नऊला पॅकअप होतो. बँक संपली, की सकाळी शूट केलेला सीन संध्याकाळी एडिटला आणि दुसऱ्या दिवशी टेलिकास्टला. मग पॅकअपला ठरलेली वेळ नसते. बँक का संपते? आर्टिस्ट आजारी पडला, कथेचा ट्रॅक बदलला, कागद म्हणजे सीन लिहून आलेच नाहीत. आणि इकडचं खास कारण म्हणजे पाऊस. पत्र्यावर जुलैचा पाऊस पडायला लागला की साउंड घेता येत नाही. सेटवर पाऊणशे माणसं हातावर हात ठेवून सर थांबायची वाट बघतात. उन्हाळ्यात उलटं, टेक सुरू झाला की पंखे आणि एसी बंद, वर पत्रा तापलेला, खाली नटीच्या अंगावर शालू आणि दागिने.

या शेड ध्वनिरोधक बांधल्या तर निम्मी रात्र वाचेल. पण जागेचा करारच अकरा महिन्यांचा असेल तर कोण निर्माता त्यात पैसे घालेल?

बाकी घोडबंदरचं ट्रॅफिक. मेट्रोचं काम, गायमुखचा घाट. नऊच्या कॉलटाइमला आर्टिस्ट साडेदहाला पोचतो तो त्याच्या नखऱ्यामुळे नाही. उशीर सकाळी झाला तरी तो भरून निघतो रात्रीच.

चेणेकर

मी जागावाल्यांपैकी. आमच्या घरची जमीन पूर्वी भाताची, मग काही वर्षं पडीक. सेटसाठी भाड्याने दिली तेव्हा पहिल्यांदा त्या जमिनीने घराला नियमित पैसा दिला. भावाचा मुलगा तिथेच स्पॉटबॉय म्हणून लागला, आता प्रॉडक्शन बघतो. गावातल्या चार घरांतून पाण्याचे जार आणि नाश्ता जातो. त्यामुळे "हे बाहेरचे लोक" असं मी म्हणणार नाही.

मालिका बंद झाल्यावर काय होतं तेही सांगतो. एक दिवस चॅनेल निर्णय देतं आणि पंधरवड्यात सेट मोडायला घेतात. प्लाय, दारं, खिडक्या कामाच्या असतात, त्या घेऊन जातात. उरतं ते पीओपीचे खांब, थर्माकोलच्या मूर्ती, फायबरचं तुळशीवृंदावन, खिडकीबाहेरचा देखावा म्हणून लावलेले फ्लेक्स. आमच्या जागेत असा ढीग एका पावसाळ्यात ओढ्याकडे वाहत गेला. तो उचलायचा खर्च कुणी द्यायचा यावर करारात एक ओळ नव्हती. पालिकेने अनामत रक्कम घ्यावी आणि जागा साफ केल्याचा दाखला मिळाल्यावरच परत करावी. लग्नाच्या हॉलला डिपॉझिट असतं, मग इथे का नको?

मिनल_प

+१ चेणेकर. थर्माकोलचं तर नक्कीच घ्या.

कलम_आणि_कागद

धागा चांगला आहे, पण एक धोका स्पष्ट लिहायला हवा. "शूटिंगला प्रोत्साहन" या नावाखाली मढ-मार्वेला काय झालं ते आठवा. चित्रपटाचा सेट म्हणून तात्पुरत्या परवानग्या दिल्या गेल्या आणि सीआरझेडमध्ये, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकाम-निर्बंधाच्या पट्ट्यात, लोखंड-पत्र्याचे कायमचे स्टुडिओ उभे राहिले. प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं आणि एप्रिल २०२३ मध्ये मुंबई महापालिकेने ते पाडले. आत काम करणाऱ्यांचा त्यात काय दोष होता?

माझ्या मते गोंधळाचं मूळ हे आहे की आपल्याकडे परवानगीची कल्पना सिनेमाची आहे. चार दिवस या, रस्ता अडवा, शुल्क भरा, जा. राज्याची एक खिडकी योजना, जी गोरेगावच्या चित्रनगरीचं महामंडळ चालवतं, ती अशा लोकेशनच्या परवानग्यांसाठी सोयीची आहे, ऑनलाइन अर्ज होतो. पण मालिकेचा सेट दोन-तीन वर्षं उभा असतो. ती एक इमारतच आहे, तिच्यात रोज शंभर माणसं वावरतात, तिला तात्पुरता मांडव म्हणून चालणार नाही. हे दोन प्रकार निवेदनात वेगळे करा. दुसऱ्यासाठी विकास आराखड्यात जागा राखून ठेवायला लागेल, आणि ती खाडीकाठच्या तिवरांत किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या अंगाला नको. उद्यानाभोवतीचं संवेदनशील क्षेत्र २०१६ मध्ये अधिसूचित झालं आहे, येऊरच्या बाजूला कुणी "मस्त लोकेशन" म्हणून बोट दाखवू नये. जुलै २०२३ मध्ये गोरेगावच्या चित्रनगरीत मराठी मालिकेच्या सेटवर बिबट्या पिल्लासह आला होता, तेव्हा आत दोनशेच्या वर माणसं होती. तो त्याच्या घरातच फिरत होता.

आणि कामगारांबद्दल. १९८१ चा सिने कामगारांचा कायदा कथापटांपुरता होता, मालिकावाल्यांना त्याचा आधार नव्हता. २०२० च्या सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत "दृकश्राव्य" कामाची व्याख्या रुंद झाली, दूरदर्शन मालिका, वेब मालिका, रिॲलिटी शो सगळे आले आणि लेखी करार आवश्यक झाला. पालिका मजुरी ठरवू शकत नाही, पण परवानगीच्या अर्जाला कराराचा पुरावा जोडायला नक्की सांगू शकते.

रात्रपाळी

काका, हे शेवटचं वाक्य छापून सेटवर लावावं असं आहे. आमच्याकडे पैसे नव्वद दिवसांनी येतात. म्हणजे जूनमध्ये मुलाची फी भरायची तर मार्चमध्ये काम केलेलं असायला हवं. आणि मधेच मालिका बंद पडली तर ते नव्वद दिवस किती लांबतील ते देवाला ठाऊक. करार हातात असला की निदान मागता येतं.

सांता_क्लारिता

मी लॉस एंजेलिसच्या उत्तरेला सांता क्लारिता शहरात राहतो. आमचं शहरही उपनगरच. १९८७ मध्ये वेगळी पालिका झाली. इथे जे बघतो ते लिहितो, उपयोग होतो का बघा.

हॉलिवूडमध्ये "तीस मैलांचा पट्टा" नावाची जुनी रीत आहे. लॉस एंजेलिसमधला एक चौक धरून तीस मैलांच्या आत काम असेल तर ते स्थानिक काम, बाहेर गेलं की युनिटला प्रवास-मुक्कामाचे जादा पैसे. सांता क्लारिता त्या पट्ट्याच्या आत येतं आणि इथे डोंगर, माळरान, जुन्या रँच आहेत, त्यामुळे मूकपटांच्या काळापासून काऊबॉय चित्रपट इथे झाले. पण शहराने भूगोलावर भागवलं नाही. पालिकेचं स्वतःचं फिल्म ऑफिस आहे. परवाना तिथेच, रस्ता, पोलीस, अग्निशमन यांच्याशी बोलणं तिथूनच. २००९ पासून अशी योजना आहे की जी निर्मिती इथेच तळ ठोकून आहे किंवा पुन्हापुन्हा येते तिचं परवाना शुल्क शहर परत करतं. युनिट हॉटेलात राहिलं तर हॉटेलवरच्या कराचा काही भागही परत. रँचच्या जमिनींसाठी नियोजनात वेगळं क्षेत्र आखलंय, त्यामुळे तिथे सेट उभा करायला दर वेळी नव्याने झगडावं लागत नाही. कलम_आणि_कागद म्हणतात तो दोन प्रकारांतला फरक इथे नियमातच धरलेला आहे.

सगळं छान आहे असं मुळीच नाही. जुलै २०१६ च्या वणव्यात इथली एक जुनी रँच सेटसकट जळून गेली. आणि काम जॉर्जिया, कॅनडा, ब्रिटनकडे जातंय ते जातंयच. २०२५ मध्ये राज्याला करसवलत वर्षाला ३३ कोटी डॉलरवरून ७५ कोटींवर न्यावी लागली, तीही काम टिकावं म्हणून. माझ्या शेजारी एक ग्रिप, म्हणजे सेटवर कॅमेऱ्याचे स्टँड-ट्रॉली लावणारा, राहतो, गेली दोन वर्षं त्याची गाडी दिवसा दारातच उभी असते. काम जाताना कुणालाही सांगून जात नाही.

भूषण_भाईंदर

सांता क्लारिता, माहिती उत्तम, पण तुलना जपून करावी. तिथे नळाला पाणी आहे. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो, आणि पलीकडे नकली पावसासाठीही टँकर जातो. तो जातो ते पाणी पिण्याचं नसेल, मान्य, पण सामान्य माणसाला ते दिसतं आणि राग येतो. शुल्क माफ करण्याच्या गोष्टी इथे करू नका. उलट शुल्क घ्या, वाढवून घ्या, आणि त्या पैशांतून आतले रस्ते करा. शूटिंगवाले स्वस्ताईसाठी आले आहेत, प्रेमापोटी नाही. स्वस्ताई संपली की जातील, तुम्ही कितीही ओवाळा.

काशिमीराकर

भूषण, शुल्कमाफी मलाही नको. मात्र "जातील तर जाऊ देत" हे मला पटत नाही, कारण ते गेलेले आपण पाहिलेत. कोविडमुळे १९ मार्च २०२० पासून शूटिंग थांबलं आणि जुलैमध्ये नवे भाग दिसायला लागले, तोवर या रस्त्यावरच्या किती चहावाल्यांनी, शिलाईवाल्यांनी काय काढलं ते मी बघितलं आहे. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये राज्यात पुन्हा बंदी आली तेव्हा युनिटं पंधरवड्याच्या आत गोवा, दमण, सिल्वासा, हैदराबादला गेली. गोव्यानेही मे महिन्यात परवानग्या थांबवल्या, तरी काम चालू राहिलंच, इथे नाही तर तिथे. नटनट्या आणि मोजकी टीम जाते. सुतार, रंगारी, डबेवाली बाई जात नाही.

आणि त्या काळाची एक जखम आहे. सप्टेंबर २०२० मध्ये साताऱ्याला मालिकेच्या चित्रीकरणादरम्यान लागण होऊन आशालता वाबगावकर गेल्या. एवढी थोर नटी. काम चालू राहायलाच हवं, या हट्टाला कुठे तरी कुणी तरी थांब म्हणणारं असायला लागतं. म्हणून मला पालिकेचा कक्ष नुसता पावत्या फाडणारा नको आहे, सेटवर जाऊन बघणारा अधिकारी असलेला हवा.

उंबरगाव_रोड

आमचं गाव तुमच्यापासून फार लांब नाही, महाराष्ट्राची हद्द संपली की लगेच गुजरातेत. १९८७-८८ ची "रामायण" मालिका आमच्याकडे झाली हे अनेकांना माहीत आहे. त्या वेळी लोक सेटवर येऊन नटांच्या पाया पडत, हे घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलंय. त्यानंतर पौराणिक मालिका इकडे येतच राहिल्या. राजवाडे, दरबार, समुद्रकिनारा, सगळं हाताशी. मुकुट, गदा, धनुष्यं करणारे कारागीर तयार झाले, घोडेवाले तयार झाले. मुंबईहून यायला साडेतीन-चार तास, म्हणून युनिट इथेच मुक्कामाला राहतं आणि त्यामुळे लॉज, खानावळी चालतात. तुमच्याकडे लोक रात्री घरी जातात, आमच्याकडे राहतात. पैसा कुठे जिरतो, यात एवढ्याने मोठा फरक पडतो.

काशिमीराकर, तुम्ही निवेदनात कारागिरांचं लिहा. जागा सगळीकडे मिळते. पण रात्रीत मखर उभं करणारा, सकाळपर्यंत पंधरा नऊवाऱ्या शिवून देणारा माणूस जिथे आहे तिथे युनिट परत येतं.

वसईकर_मुलगी

जूचंद्रच्या रांगोळीकारांचं नाव इथे यायलाच हवं! त्यांच्यासारखी व्यक्तिचित्र रांगोळी महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी निघते आणि सेट त्यांच्या दारापासून हाकेच्या अंतरावर आहेत. सणाच्या भागात मात्र स्टिकरची रांगोळी चिकटवलेली दिसते. पालिकेच्या कक्षात स्थानिक कलाकार-कारागिरांची यादी ठेवली आणि परवान्यासोबत ती हातात दिली तरी पुष्कळ होईल.

वसई किल्ल्याबद्दलही. तो पुरातत्त्व खात्याकडे आहे, परवानगी त्यांची लागते. पण तिथल्या चर्चच्या भिंतींना दिव्याचे स्टँड टेकवलेले, कमानीला दोऱ्या बांधलेल्या मी पाहिल्यात. स्वागत करताना आपल्या वास्तूंजवळ कुणी तरी उभं राहून लक्ष ठेवणारं पाहिजे.

कलम_आणि_कागद

आगीचं राहिलं होतं, ते लिहून टाकतो. २३ जून २०२५ ला चित्रनगरीत एका गाजलेल्या हिंदी मालिकेचा सेट पहाटे जळाला. शूटिंग सुरू झालेलं नव्हतं म्हणून वाचले सगळे. सेट म्हणजे प्लाय, कापड, फोम, ऑइलपेंट आणि त्यातून फिरलेल्या गरम केबल. तिथे ही अवस्था, जिथे बंब आत जायला रस्ता आहे. तुमच्याकडच्या आतल्या शेडला जायची वाट एका टेम्पोपुरती. मग निवेदनात हे मागा : बंब आत वळेल एवढा रस्ता असल्याशिवाय सेटला परवानगी नाही, दोन दारं, ती शूटिंग चालू असताना उघडी, पाण्याची टाकी, आणि वर्षातून दोनदा तपासणी, तिचा दाखला दारावर चिकटवलेला.

काशिमीराकर

सगळ्यांचं घेऊन मसुदा असा करतोय. लोकेशनची परवानगी आणि उभ्या सेटची परवानगी वेगळी. परवान्याची प्रत, वेळेसकट, गेटवर लावायची आणि लगतच्या सोसायट्यांना आधी द्यायची. वस्तीत रात्री दहानंतर उघड्यावरचं शूटिंग नाही, जनरेटर आवाजबंद आणि खिडक्यांपासून लांब. सेट मोडल्यावरच्या कचऱ्यासाठी अनामत. आगीचं वर लिहिलंय तसं. अर्जासोबत कामगार करारांचा पुरावा. कारागिरांची यादी. आणि जो निर्माता ध्वनिरोधक, पक्की शेड बांधायला तयार आहे त्याला लांब मुदतीचा परवाना, म्हणजे रात्रपाळीदादांची रात्र थोडी तरी कमी होईल. शुल्क भूषण म्हणतात तसं, पण त्याचा हिशेब वॉर्डात दिसला पाहिजे. तिन्ही महापालिकांना एकच मसुदा द्यायचा, कारण सेटवाल्याला हद्द ओलांडून सैल नियम गाठणं फार सोपं आहे.

सुई_दोरा

मी कॉस्च्यूमला असिस्टंट आहे, आतापर्यंत नुसती वाचत होते. यात दोन गोष्टी नाहीत, त्या घालाल का?

एक, शौचालय. मोठ्या नट्यांना व्हॅनिटी असते. आम्ही हेअरच्या, कॉस्च्यूमच्या मुली, ज्युनिअर आर्टिस्ट बायका, आम्हाला शेडच्या मागे एक पत्र्याची खोली, कडी नाही, पाणी बादलीने. कितीजणी दिवसभर पाणीच पीत नाहीत. सेटवर माणसं किती, त्यात बायका किती, त्या हिशेबाने शौचालयं असल्याशिवाय परवाना देऊ नका.

दुसरं, रात्री घरी सोडणं. दीड वाजता पॅकअप झाला तर चेण्यातून मीरा रोड स्टेशनला रिक्षा नसते आणि शेवटची लोकल गेलेली असते. काही निर्माते गाडी देतात, काही म्हणतात सकाळपर्यंत मेकअप रूममध्ये बसा. हे निर्मात्याच्या मर्जीवर नको. रात्री दहानंतर पॅकअप झाला तर दारापर्यंत गाडी, आणि गाडीचा नंबर कॉलशीटवर, म्हणजे त्या दिवसाच्या कामाच्या कागदावर, एवढं परवान्यात लिहून आलं तर पुष्कळ मुली हे काम सोडणार नाहीत.

काशिमीराकर

दोन्ही घातलं ताई, आणि अगदी वर घातलं. मसुदा रविवारपर्यंत इथेच टाकतो. सह्या द्यायच्या असतील त्यांनी वॉर्ड आणि महापालिका लिहून खाली नोंदवा.